एन-२-४-१ : चाळीचा कांदा, पण बियाण्याचा लॉट पारखून घ्या

उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात, भरून पावसाळ्यात काढायचा असेल, तर एन-२-४-१ अजूनही पहिल्या पसंतीचा वाण आहे. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून निघालेला, राहुरी कृषी विद्यापीठाचा. गोल, मध्यम ते मोठा कांदा, साठवणीत विटकरी रंग धरतो आणि नीट सुकवला तर ५ ते ६ महिने टिकतो. लागवडीपासून साधारण १२० दिवस, उतारा हेक्टरी ३०० ते ३५० क्विंटल. खरिपात मात्र हा लावू नका, तिथे बसवंत ७८० किंवा भीमा सुपर घ्या.

खरी अडचण वाणाची नाही, बियाण्याची. कांद्याचं परागीकरण मधमाश्या करतात. बीजोत्पादनाच्या शेजारी लाल कांद्याचे गोंडे (फुलं) असले की भेसळ ठरलेली. डेंगळे (फुलांचे दांडे) सरसकट आले तर बहुधा लागवड लवकर झाली किंवा रोप जास्त वयाचं होतं. ते विखुरलेले असतील आणि कांद्याचे रंगही दोन-तीन दिसत असतील, तर दोष बियाण्यात. म्हणून पिशवी, टॅग आणि पावती काढणीपर्यंत जपावी, त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

जुनं बी स्वस्त मिळालं तरी नको. कांद्याच्या बियाण्याची उगवण वर्षभरात झपाट्याने घटते. १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून १२व्या दिवशी मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. तेवढी असेल तर एकरी ३ ते ४ किलो पुरतं. १५ × १० सेंटिमीटरवर एकरात सुमारे पावणेतीन लाख रोपं बसतात, बाकीचं बी रोपवाटिकेतल्या मरीसाठी धरा.

टिकवण वाणात असली तरी ती घालवणं आपल्या हातात असतं. लागवडीनंतर ६० दिवसांपुढे युरिया टाकला की कांद्याची मान (पात कांद्याला जुळते तो भाग) जाड होते, ती सुकत नाही आणि कांदा तिथूनच सडतो. निम्म्या माना पडल्या की काढणी. त्याआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा. पातीने झाकून शेतात ३ ते ५ दिवस वाळवा, अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापा, मग सावलीत १० ते १५ दिवस. चाळीतला थर ५ फुटांपेक्षा उंच नको.

राजगुरुनगरच्या कांदा संशोधन संस्थेच्या भीमा किरण आणि भीमा शक्ती या वाणांचीही टिकवण ५-६ महिन्यांची आहे. त्यांचं ताजं, खात्रीचं बी हाती येत असेल तर एन-२-४-१च्या नावासाठी संशयाचं पाकीट घेऊ नये. आणि चाळच नसेल, एप्रिलमध्येच माल बाजारात जाणार असेल, तर टिकवणीसाठी जादा पैसे कशाला मोजायचे?