किन्ता मोनरॉयचा पुनर्वसन आराखडा: शेजाराची उत्तम सोय, आडोशाची उणीव

चिलीच्या उत्तरेकडील इकीके शहरात, सुमारे अर्ध्या हेक्टर जागेवर तीस वर्षे अनधिकृतपणे राहणाऱ्या जवळजवळ शंभर कुटुंबांचे त्याच जागी पुनर्वसन करण्यासाठी चिलीचे वास्तुरचनाकार अलेहांद्रो आराव्हेना यांच्या ‘एलेमेंताल’ या संस्थेने आखलेली वसाहत म्हणजे किन्ता मोनरॉय. ती २००४ मध्ये उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिचे नकाशे सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. पुनर्वसनाचे काम करणारा कोणीही ते वापरू शकत असल्यामुळे, शेजार आणि खाजगीपणा यांचा मेळ त्यात कितपत साधला आहे, हे नीट तपासणे मला आवश्यक वाटते.

कुटुंबामागे साडेसात हजार डॉलरच्या अनुदानात जमीन, सोयी आणि घर एवढे सारे बसवायचे होते. त्यामुळे सुमारे ३६ चौरस मीटरचे अर्धे घर बांधून दिले गेले आणि उरलेले कुटुंबांनी सवडीने वाढवत ७२ चौरस मीटरपर्यंत न्यावे, असे ठरले. चर्चा बहुतेक या अर्ध्या घराचीच होते. माझ्या मते त्याहून मोलाचा आहे तो चौक. सुमारे वीस कुटुंबांचा एकेक गट मर्यादित प्रवेशाच्या चौकाभोवती बसवल्याने रस्ता आणि घर यांच्यामध्ये एक तिसरी जागा तयार होते, जिथे मुले नजरेच्या टप्प्यात खेळू शकतात आणि परका माणूस आला तर लगेच लक्षात येतो.

खाजगीपणाचा विचारही पहिल्या अर्ध्या भागातच झालेला दिसतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि जिना यांच्याबरोबर दोन घरांमधल्या भिंतीही आधीच बांधून दिल्यामुळे एकाने घर वाढवले तरी दुसऱ्याच्या संसारात डोकावण्याची वेळ येत नाही. घरे एकावर एक आहेत, पण खालच्या आणि वरच्या घराला स्वतंत्र दार आहे. सामाईक जिना किंवा लिफ्ट नसल्याने देखभालीवरून होणारी भांडणे मुळातच टळतात.

उणीव आहे ती चौक आणि दार यांच्यामध्ये. खालच्या घरासाठी ओटा किंवा कमरेएवढी भिंत यांसारखी, आपली हद्द सुरू झाल्याचे सांगणारी पायरी आराखड्यात ठळकपणे येत नाही. अशा वेळी माणसे खिडक्या बंद ठेवतात किंवा वाढीव बांधकाम चौकात सरकवतात. दोन्हींत चौकाचेच नुकसान होते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरमध्ये आखलेली वसाहत पुनर्वसनासाठी नव्हती, तरी या मुद्द्यावर ती मला सरस वाटते. तिथे सात घरे आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती येतात आणि असे तीन गट मिळून एकवीस घरांना आणखी मोठे अंगण मिळते. म्हणजे वीस कुटुंबांशी एकदम संबंध येण्याआधी सहा शेजाऱ्यांशी ओळख होते. शिवाय तिथल्या घरांच्या भिंतीही शेजाऱ्याशी सामाईक नाहीत, अर्थात त्यासाठी जमीन जास्त लागते आणि इकीकेच्या महाग जागेत ते परवडणारे नव्हते, हेही मान्य करायला हवे.

हे नकाशे वापरावेत अशी माझी शिफारस आहे, मात्र जसेच्या तसे नव्हे. भिंती, जिने आणि स्वतंत्र दारे तशीच ठेवावीत, चौक सात-आठ घरांच्या अंगणांत विभागावा आणि तळमजल्यावरच्या प्रत्येक दारासमोर दोन माणसे बसू शकतील एवढा ओटा अनुदानाच्या खर्चातच धरावा, कारण तो नंतर बांधायचा म्हटले की चौकातली जागा कोणाची, हा वाद आधी सुरू होतो.