भावंडं आणि स्वमग्नता: 'रेन मॅन' लावावा, 'द ब्लॅक बलून' की 'म्युझिक'?

घरात स्वमग्न (ऑटिझम असलेला) भाऊ किंवा बहीण असेल आणि एका संध्याकाळी एकच सिनेमा लावायचा असेल, तर माझं उत्तर 'द ब्लॅक बलून'. मी अशाच घरात वाढले. धाकट्याला कुकरची शिट्टी सहन होत नाही. आई आजही गॅस पेटवण्याआधी त्याला गॅलरीत नेऊन बसवते. त्यामुळे असे सिनेमे मी कडक नजरेनं बघते.

'रेन मॅन' (१९८८) सगळ्यांना माहीत असतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर, डस्टिन हॉफमन आणि टॉम क्रूझ. वडिलांचा पैसा संस्थेत राहणाऱ्या थोरल्या स्वमग्न भावाच्या, रेमंडच्या, वाट्याला गेला म्हणून धाकटा चार्ली त्याला उचलतो. रेमंड विमानात चढायला तयार होत नाही, मग १९४९च्या ब्यूकमधून सिनसिनाटी ते लॉस एंजेलिस. यातला बाथटबचा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल! चार्ली गरम पाण्याचा नळ सोडतो आणि रेमंड जिवाच्या आकांतानं ओरडायला लागतो. लहानग्या चार्लीला चटका बसेल या भीतीनं घरच्यांनी थोरल्याला संस्थेत धाडलं होतं, हे चार्लीला तिथे उमगतं.

पण रेमंड सांडलेल्या दात कोरायच्या २४६ काड्या क्षणात मोजतो आणि पत्ते लक्षात ठेवून जुगार जिंकून देतो. अशी स्मरणशक्ती फार थोड्यांकडे असते. ज्यांच्यावरून हे पात्र सुचलं ते किम पीक तर स्वमग्न नव्हतेच. तरी पाहुणे आम्हाला विचारतात, "मग याला काय विशेष येतं?" शिवाय प्रवास जेमतेम आठवड्याचा, शेवटी रेमंड संस्थेत परत. चार्लीला पुढची वर्षं काढावी लागत नाहीत.

एलिसा डाउनचा 'द ब्लॅक बलून' (२००८) ती वर्षं दाखवतो. कमी खर्चातला ऑस्ट्रेलियन सिनेमा, जवळजवळ सगळा सिडनीच्या एका उपनगरातला. दिग्दर्शिकेचे स्वतःचे भाऊ स्वमग्न आहेत आणि ते जाणवतं. इथेही एक चार्ली आहे, पण इथे स्वमग्न भाऊ तोच. तो बोलत नाही, खुणा करतो. एकदा नुसत्या चड्डीवर घराबाहेर पळतो, थेट अनोळखी घरातल्या संडासात शिरतो. मागे धाकटा थॉमस, आणि ते घर नेमकं त्याच्या वर्गातल्या मुलीचं. आई गरोदर, म्हणून भावाची जबाबदारी याच्यावर. चार्ली कार्पेटवर विष्ठा फासतो तेव्हा कॅमेरा तोंड फिरवत नाही. थॉमसला भावाचा राग येतो, लाज वाटते, तो त्याच्यावर हातही टाकतो. भावंडांच्या मनातलं हे आमच्याकडे कुणी उच्चारत नाही.

'म्युझिक' (२०२१) मात्र टाळा. गायिका सियाचा हा सिनेमा दोन सावत्र बहिणींचा, पण स्वमग्न बहीण गाण्यांची सजावट होऊन राहते. त्याहून वाईट म्हणजे मुलगी अनावर झाली की तिच्या अंगावर झोपून तिला दाबून धरणं हा प्रेमाचा उपाय म्हणून दाखवलाय. अशा दाबण्यानं श्वास कोंडून जीव जाऊ शकतो.

नातेवाइकांना विषयाची ओळख करून द्यायची असेल तर 'रेन मॅन' चालेल, फक्त काड्यांबद्दल आधी बोलून घ्या. 'ब्लॅक बलून'मध्ये वाढदिवसाच्या जेवणाचा एक प्रसंग लैंगिक आणि हिंसकही आहे. पंधरा-सोळाच्या आतल्या मुलांना दाखवू नका. आईसोबत मी तो पाहिला, तेव्हा कार्पेटच्या प्रसंगाला तिनं रिमोट मागितला. मला वाटलं, बंद करणार. ती म्हणाली, "परत लाव गं, एकदा."