इराणमधल्या हमदानचा जुना गालिचा: दहा महिने वापरल्यावर

गेल्या आठवड्यात धुवून आणला आणि डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

हॅम्बुर्गच्या श्पायखरश्टाटमधल्या गोदामातून 900 युरोंना घेतला. सुती ताणा, गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचा एकच धागा, तांबडी जमीन. हमदानकडची वीण ओळखणाऱ्यांना जास्त सांगायला नको. विकणारा म्हणाला शंभरी ओलांडलेला आहे. कागद काही नाही.

पहिले चार महिने मला फक्त काळी रेघ दिसायची. फुलांभोवतीची ती काळपट तपकिरी रेघ जागोजागी खोल गेलेली, शेजारची लव मात्र शाबूत. कसर लागलेला माल गळ्यात मारला, हे मी ठरवूनच टाकलं. रात्री टॉर्च घेऊन अळ्या शोधायचो. बायको म्हणाली, बसायला आणलाय की पहारा द्यायला? विकणाऱ्याला तीन तिखट ईमेल झाले. त्याचं उत्तर एका ओळीचं: कसर एकच रंग निवडून खाते का?

खरंच की! तो काळा हिराकशीसारख्या लोखंडाच्या क्षारावर चढवलेला असतो. त्याने लोकर वर्षानुवर्षं ठिसूळ होत जाते आणि पायाखाली तेवढीच झडते. मंजिष्ठेचा तांबडा तुरटीवर बसतो, त्याला हे दुखणं नाही. आता ती रेघ कोरल्यासारखी दिसते आणि, कबूल करतो, आवडते. पानं निळी का, तेही कळलं: निळीवर चढवलेला पिवळा उन्हाने उडाला. उलटून बघा, मागे अजून हिरवी आहेत. तांबड्यातले फिके-गडद पट्टे म्हणजे वेगवेगळ्या घाण्यांची लोकर. भज्यांचं तरी दुसरं काय होतं?

मग चहा सांडला. धुलाईवाल्याने आधी कोपऱ्यात तीन बोटं जागेत नव्या गाठी मारल्या, मग धुतला. 140 युरो. घरी येऊन बघतो तर कोपऱ्यातलं पांढरं फूल गुलाबी! वर मलाच ऐकवतो, ‘जुने रंग असेच सुटतात.’

पांढरा रुमाल ओला करून जुन्या तांबड्यावर खसाखसा घासला: स्वच्छ. त्याने मारलेल्या नव्या गाठींवर घासला: गुलाबी.

गालिच्याला पैकीच्या पैकी. रुमाल पावतीसकट पोस्टाने धुलाईवाल्याकडे पाठवलाय.