एचटीटीपी/३ : सहा महिने वापरलं, त्यातले दोन नुसत्या समजुतीवर

एचटीटीपी/३ म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात तिची नवी आवृत्ती. मामांच्या चपलांच्या दुकानाची साइट माझ्या स्वस्तातल्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर आहे. त्यावर डेबियन १२ लिनक्स, त्याचा वेबसर्व्हर एनजिनएक्स १.२२, त्यात एचटीटीपी/३ नाहीच, ते १.२५ पासून आलं. मग एनजिनएक्सची स्वतःची रेपो (पॅकेजचं भांडार) जोडली, ‘लिसन ४४३ क्विक’ची ओळ टाकली, ‘इथं एचटीटीपी/३ आहे’ असं ब्राउझरला सांगणारा अल्ट-एसव्हीसी हेडर लावला, रीलोड. मामांना म्हटलं, “आता बघा, नाद खुळा पळतीय.” मामा म्हणाले, “व्हय की, फरक हाय.”

दोन महिन्यांनी सहज ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधला प्रोटोकॉलचा रकाना बघितला. वरपासून खालपर्यंत एच२, म्हणजे आधीचं एचटीटीपी/२!

एचटीटीपी/३ ज्यावर बसतं ते क्विक यूडीपीवर चालतं, एच२ टीसीपीवर; डेटा वाहून न्यायच्या या दोन वेगळ्या पद्धती. सर्व्हरवर ४४३ पोर्ट यूडीपीसाठी मी उघडला होता, पण होस्टिंगवाल्यांची बाहेर वेगळी फायरवॉल, तिथं फक्त टीसीपी. तिकीट टाकलं. उत्तर : “आपला ४४३ उघडाच आहे.” असं तीनदा. चौथ्या वेळी अख्ख्या तिकिटात ‘यूडीपी’ एवढा एकच शब्द लिहिला. मग म्हणे वरच्या प्लॅनमध्ये मिळेल. का द्यायचे जादा पैसे? चार दिवस भांडलो, शेवटी कुणीतरी जाणता भेटला आणि पाच मिनिटांत फुकट उघडून दिलं.

पण माझा खरा राग प्रोटोकॉलवर. यूडीपी अडलं की ब्राउझर गुपचूप टीसीपीवर जातो. साइट बंद पडली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

चालू झाल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीत घरच्या फायबरवर फरक शून्य. उगाच उठाठेव केली, असंच इथं लिहिणार होतो. मग पावसात गगनबावड्याला गेलो, रेंजची एक काडी. तोच फोन, तेच चपलांचं पान. आधी एक पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं की टीसीपीमुळं सगळेच फोटो अडायचे. आता कापशी चपलेचा फोटो अडला तरी बाकीचे जोड एकेक करून उतरत होते. तेवढ्यासाठी मत बदललं.

एक खोट मात्र राहतेच. एच३ आहे हे ब्राउझरला पहिल्या उत्तरातल्या हेडरवरून कळतं, म्हणजे पहिली भेट एच२ वरच. महाद्वार रोडवर उभं राहून एकदाच साइट उघडणाऱ्या पर्यटकाला उपयोग काय? डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्याच्या नोंदींत, एचटीटीपीएस रेकॉर्ड टाकला तर आधीच कळतं, पण माझ्या डोमेनवाल्याच्या पॅनलमध्ये ती सोयच नाही. आणि तिथं तीन वर्षांचे पैसे भरून बसलोय.

मामांना खरं सांगितलं. ते म्हणाले, “मग मला फरक कसा दिसला?”