टीकप शित्झूच्या नावाखाली पाच आठवड्यांचं पिल्लू गळ्यात मारलं

या गणपतीनंतरची गोष्ट आहे, तीन महिने झाले तरी लिहायची हिंमत होत नव्हती, पण काल सोसायटीतल्या एका मुलीने तसलीच जाहिरात दाखवून विचारलं, ताई हे घेऊ का, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

अप्पा गेल्यापासून आई दिवसभर एकटी असते, मी सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडते ती रात्री आठला घरी. मोठं कुत्रं तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही म्हणून शित्झू या छोट्या जातीचं ठरवलं, त्याला फार पळवावं लागत नाही, मांडीवर बसून राहतं. केस रोज विंचरायचे, नाक चपटं म्हणून उन्हाळ्यात जपायचं, हे सगळं वाचून ठेवलं होतं. विकणाऱ्याला काय विचारायचं ते मात्र वाचलं नाही.

जाहिरातीत होतं टीकप शित्झू, म्हणजे कपात मावेल एवढं, दोन महिने पूर्ण, पहिली लस झालेली, 35 हजार. टीकप नावाची वेगळी जातच नसते हे मला नंतर कळलं. शित्झू मोठं झालं की साधारण 4 ते 7 किलोचं होतं, आणि कोणी मुठीएवढं पिल्लू दोन महिन्यांचं म्हणून दाखवत असेल तर ते अशक्त असतं नाहीतर वय खोटं असतं. पिल्लाची आई बघायचीय म्हटलं तर म्हणाला मादी फार्मवर आहे, इन्फेक्शन नको म्हणून बाहेरच्यांना आत सोडत नाही, आणि एक व्हिडिओ पाठवला. मी 5 हजार टोकन ऑनलाइन दिलं. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) जातीच्या नोंदणीचे पेपर महिन्याभरात कुरियरने येतील म्हणाला, तेही मान्य केलं.

कल्याणला एका पार्किंगमध्ये बोलावलं. डिकीत भाजीचा प्लास्टिकचा क्रेट, त्यात तीन पिल्लं एकमेकांवर झोपलेली. एक उचलून हातात दिलं, बाकीची कॅश मोजून घेतली, पाच मिनिटांत गेला पण. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं, पण ती ओंजळीत आल्यावर सोडवेना हो. आईने नाव ठेवलं साखर. पोट टम्म फुगलेलं होतं, आम्हाला वाटलं गुटगुटीत आहे, ते जंत होते.

तिसऱ्या दिवशी तिने खाणं सोडलं, दुपारी फेसाची उलटी आणि रात्री रक्ताचे जुलाब, त्याचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. व्हेटने किटवर टेस्ट केली, पार्वो, कुत्र्यांचा जीवघेणा व्हायरस. मग तिचं तोंड उघडून मला दाखवलं, मागच्या दुधाच्या दाढा अजून पूर्ण वर आल्या नव्हत्या, म्हणाले हे जेमतेम पाच आठवड्यांचं पिल्लू आहे. कार्डावर लसीचं नाव नुसतं पेनने लिहिलेलं. खरं कार्ड असलं की लसीच्या बाटलीवरचं स्टिकर काढून चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर असतो, शेजारी डॉक्टरची सही-शिक्का. आमच्या कार्डावर त्यातलं काहीच नव्हतं आणि तारीख होती पंधरा दिवसांपूर्वीची, म्हणजे तेव्हा ती तीन आठवड्यांची! पहिली लसच सहा ते आठ आठवड्यांना देतात.

चार दिवस सलाईन चाललं, आई जुन्या साडीत गुंडाळून तिला क्लिनिकमध्ये घेऊन बसायची. पाचव्या दिवशी पहाटे साखर गेली.

त्या माणसाला फोन केला तर म्हणतो, ताई तुम्ही काहीतरी चुकीचं खायला घातलं असेल, आणि ब्लॉक केलं. पैसे गेले ते गेले, पण हे वाक्य आईने ऐकलं. कितीतरी दिवस ती विचारत होती की मी दहीभात दिला म्हणून झालं का गं. शेवटी व्हेटनी तिला समोर बसवून सांगितलं की काकू, पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुतेक वेळा तीन ते सात दिवस जातात, हे पिल्लू आजार घेऊनच आलं होतं. तेव्हा कुठे ती रडली.

टोकनचे पैसे ऑनलाइन होते म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, कॅशचा पुरावाच नाही. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे 2017 चे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मायक्रोचिप लागते, ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तो नोंदणी नंबर मी मागितला असता तर तो माणूस तिथेच गळाला असता असं मला वाटतं.

त्या मुलीला म्हटलंय रविवारी मी येते सोबत, पिल्लू त्याच्या आईजवळ दूध पिताना बघायचं, पार्किंगमध्ये अजिबात भेटायचं नाही, टोकन आधी द्यायचं नाही. आणि आणलंस तरी त्याच्या लसी पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे घेऊन येऊ नकोस. पार्वोचा व्हायरस घरात महिनोन्‌महिने राहतो, फिनाईलने जात नाही, फरशी ब्लीचने पुसली पण सोफ्याचं काय करणार. आईने त्या पिल्लाला खेळवायला दोन मजले खाली जायचं कबूल केलंय, गुडघे दुखत असले तरी.