आबाजींची दुनाळी, पावणेदोन वर्षं माझ्या हातात

बंदूक बर्मिंगहॅमची, बारा बोअरची, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची. घोडे (चाप नव्हे, पिन आपटून काडतूस पेटवणारे ते) बाहेर दिसत नाहीत, आत पेटीत असतात, म्हणून हिला बॉक्सलॉक म्हणतात. अॅन्सन आणि डीली या दोघांनी तिकडंच १८७५ मध्ये ही रचना काढली आणि अजूनही बहुतेक दुनाळ्या त्याच धर्तीवर बनतात. आबाजींच्या परवान्यावर एके काळी तीन हत्यारं होती. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी दोनची मर्यादा आली, तेव्हा एक भरमार (तोंडाकडून ठासायची बंदूक) गेली. ते वारल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला अकरा महिने लागले. डिसेंबर २०२३ मध्ये दुनाळी हातात आली. तेव्हापासून चौसष्ट काडतुसं झाडली. त्यातली बरीचशी नेमबाजीच्या रेंजवर, कागदी निशाण्यावर.

शेतकऱ्याला बंदूक कशाला, असं शहरातले पाहुणे विचारतात. आमचं शेत नागपूर जिल्ह्यात, उमरेडच्या पुढं, जंगलाला लागून. तूर, हरभरा, थोडा कापूस. रानडुक्कर रात्रीतून हरभऱ्याचा अर्धा एकर नांगरल्यासारखा करून जातं. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितलाय, आणि ती पुरत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पण परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची मोकळीक नव्हे. वनखात्याचा लेखी आदेश हातात नसेल तर चापाला बोट लावायचं नाही. आणि खरं सांगायचं तर माझी तूर वाचवली ती सोलरच्या झटका मशीननं (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडतं ते) आणि दोन गावठी कुत्र्यांनी. बंदूक जागलीवर सोबतीला असते, एवढंच. म्हणून हा अनुभव शिकारीचा नाही, देखभालीचा आहे. आमच्या भागात अशा जुन्या दुनाळ्या अनेक घरांत आहेत आणि त्यांच्याकडं कोणी बघत नाही.

पहिला दणका रेंजवर बसला. उजवी नळी बरोबर चालली, डावी नुसती 'टक्' म्हणाली. बंदूक तशीच निशाण्याकडं धरून अर्धा मिनिट थांबलो (कधी कधी काडतूस उशिरा पेटतं, हे आबाजींनी लहानपणी दरडावून सांगितलं होतं), मग उघडली. काडतुसाच्या बुडाशी टोपी असते, तिच्यावर पिन आपटली की बार पेटतो. त्या टोपीवर खळगा होता, पण उथळ. उजव्या काडतुसावरचा खळगा बोटाला लागायचा, डाव्याचा नखानं शोधावा लागत होता. पुढच्या दहात तीनदा असंच झालं.

गावात दोघांनी लगेच उपाय सुचवले. एमआयडीसीत लेथ चालवणारा एक ओळखीचा पोरगा म्हणाला, "दादा, आणून द्या, दुपारपर्यंत पिन बनवून देतो." त्याच्या हातावर माझा भरवसा आहे, पण बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. त्यानं केली तर तोही अडकतो आणि मीही. नागपुरात एका परवानाधारक दुकानात म्हातारे मिस्त्री बसतात, त्यांच्याकडं गेलो. परवान्याची झेरॉक्स दिली, रजिस्टरात नंबर चढवला, पावती घेतली.

मिस्त्रींनी आधी पेचकस हातात घेतला तो पाहण्यासारखा होता. जुन्या इंग्रजी बंदुकांच्या स्क्रूच्या खाचा केसाएवढ्या बारीक असतात. बाजारातला पेचकस पाचरीसारखा निमुळता असतो, तो वर चढतो आणि खाचेचे काठ उडवतो. त्यांनी प्रत्येक स्क्रूसाठी वेगळं पातं घासून ठेवलंय. माझ्या बंदुकीच्या दोन स्क्रूंचे काठ आधीच उडालेले होते, म्हणजे आबाजींच्या काळात कोणीतरी घरीच उघडायचा प्रयत्न केला होता. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नसावा.

आत काय निघालं? काळपट पिवळा, मेणासारखा थर. बोट लावून म्हणाले, "भाऊ, हे तेल नोहे, डिंक हाय." वर्षानुवर्षं घरातलं खायचं तेल घातलेलं. ते वाळतं, चिकट होतं, आणि घोडा पूर्ण जोरानं पडतच नाही. ते धुतल्यावर निम्मं दुखणं गेलं. उरलेलं निम्मं पिनेत होतं. डाव्या पिनेचं टोक एका बाजूनं तुटलेलं.

सुट्या भागांचं म्हणाल तर विसरा. या बंदुकीचा एकही भाग कुठल्या दुकानात लटकलेला मिळत नाही, कारण त्या काळी प्रत्येक भाग त्या-त्या बंदुकीला हातानं बसवलेला असायचा. दुसऱ्या दुनाळीची पिन आणून घातली तर एक तर बसणार नाही, नाही तर बसून घात करील. टोक जास्त बाहेर आलं तर टोपीला भोक पाडतं, कमी आलं तर पुन्हा 'टक्'. पिन पोलादी सळीतून घडवायची, कडक करायची, मग पुन्हा तापवून थोडी नरम आणायची, नाहीतर काचेसारखी मोडते. त्याला चौदा दिवस आणि बावीसशे रुपये लागले. मला महाग वाटलं नाही.

त्याच बैठकीत त्यांनी एक गोष्ट केली ती डोळ्यापुढून जात नाही. चिमणीचा दिवा पेटवला, नळ्यांची मागची बाजू ज्योतीवर धरून काजळी धरवली, बंदूक जोडून बंद केली, उघडली. जिथं लोखंड लोखंडाला टेकलं तिथली काजळी पुसली गेली होती. दोन्ही नळ्यांमागं सारखी पुसलेली. म्हणजे बिजागरीचा खिळा झिजलेला नाही, नळ्या अजून पाठीला घट्ट बसतात. घरी करायची सोपी तपासणी पण सांगितली: बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून पुढचं लाकूड काढायचं, बंद बंदूक दस्त्याला, म्हणजे खांद्याकडच्या लाकडाला, धरून हलकेच हलवायची. खडखडली तर मिस्त्री गाठायचा, काडतूस भरायचं नाही.

बाजूच्या बाकावर एक सेल्फ-लोडिंग (पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) पडली होती, १९०० मध्ये जॉन ब्राऊनिंगनं पेटंट घेतलेल्या रचनेतली. तिचं दुखणं वेगळंच. त्या बंदुकीत झाडल्यावर अख्खी नळी मागं सरकते आणि काडतुसांच्या नळकांड्यावरची कडी व पितळी पट्टा घासून तिला आवरतात. काडतूस भारी की हलकं त्यावर कडीची जागा बदलायची असते. मालकानं कडी हलक्याच्या जागी ठेवून भारी काडतुसं झाडली, वर नळकांड्याला भरपूर तेल पाजलं. घासायला काही उरलंच नाही, नळी दणादण मागं आपटली आणि पुढचं लाकूड उभं तडकलं. प्रेमापोटी केलेली सेवा होती ती.

काडतुसांबद्दल हे वाचाच. माझ्या नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर अडीच इंच असा शिक्का आहे, म्हणजे काडतूस बसतं ती खोली, जिला ६५ मिलिमीटरची म्हणतात. काडतुसावरची लांबी ही झाडून तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळं ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत बिनबोभाट बसतं आणि बंदूकही बंद होते. गडबड पुढं होते: तोंड उलगडायला जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. दुकानदारानं पहिल्यांदा मला डबा पुढं केला तो ७० चाच होता. "सगळे हेच नेतात," म्हणाला. नेत असतील बाप्पा. मी ६५ साठी महिनाभर थांबलो.

आता माझी खरी तक्रार. २०२४ मध्ये दोनदा निवडणूक आली, दोनदा बंदूक ठाण्यात जमा झाली. नियम आहे, हरकत नाही. पहिल्या खेपेला मार्चअखेर दिली, जूनच्या मध्यात परत मिळाली, तेव्हा पाऊस पडून गेला होता. नंबराची चिठ्ठी ओल्या सुतळीनं नळीला बांधलेली. सुतळी सोडली तर खाली तिच्या पिळासकट तांबडी रेघ उमटलेली, दोरीची सावलीच जणू. तेल आणि कापसानं तीन संध्याकाळी घासली, तांबडेपणा गेला, खड्डे राहिले. दुसऱ्या खेपेला नळ्या आतून-बाहेरून तेलानं पुसल्या, आणि स्वतःच चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून चापाच्या कड्याला नायलॉनच्या दोऱ्यानं बांधून नेली. हवालदार हसले, पण तशीच ठेवली.

घरी चामड्याच्या खोळीत ठेवत नाही. खोळ प्रवासापुरती, कारण पावसाळ्यात चामडं ओल धरतं. आबाजी बंदूक कोपऱ्यात नळी वर करून उभी ठेवायचे, आपण सगळेच ठेवतो. त्यात तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं आणि लाकूड काळं, भुसभुशीत होतं. माझ्या दस्त्याचं तेच झालं होतं. खडूची पूड आणि ऊन यांनी आठ दिवसांत बरंच तेल ओढून काढलं. आता कुलपाच्या कपाटात नळी खाली, तोंडाखाली फ्लालीनची घडी. लोखंडाला शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबभर.

दस्त्याला मात्र आपलं जवसाचं तेल. अक्रोडाच्या दस्त्याला इंग्रजसुद्धा तेच लावायचे, फक्त उकळलेलं. मी घाण्यावरून आणतो, तळहातावर तीन थेंब, तळवा गरम होईपर्यंत चोळायचं आणि आठवडाभर वाळू द्यायचं. जाड थर दिला तर उन्हाळाभर चिकटत बसतो, हे एकदा करून पाहिलंय. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळा आपोआप पेटू शकतो. मी त्या कुंपणावर पसरून वाळवतो.

उजवी पिन अजून जुनीच आहे. डावीच्या वेळी मिस्त्रींनी एकाच सळीतून दोन घडवल्या, एक बसवली आणि दुसरी त्यांच्या खणात ठेवली. पुडीवर बंदुकीचा नंबर आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'डावी. उजवीत घालू नये.'