क्लच वाचवायला शिकवणारे पाच तास : ठाण्यातील एका उजळणी वर्गाचा अनुभव

गायमुखच्या घाटात, गुजरातकडे निघालेल्या एका कंटेनरच्या मागे वीस-पंचवीस मिनिटे मुंगीच्या पावलांनी सरकत असताना गाडीत जळक्या वासाचा पहिला भपकारा आला, तेव्हा तो पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असावा असे समजून मी काच वर केली. वास आतच राहिला. चढ संपल्यावर इंजिनाचा आवाज चढत होता, पण गाडी काही उचलत नव्हती. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिकने काढलेली क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सकडे पोहोचवणारी घर्षणाची चकती, माझ्या हातात ठेवली. घर्षणाचा थर रिव्हेटपर्यंत झिजलेला होता आणि ती ज्यावर दाबून बसते त्या इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, तापून उठलेले निळसर-जांभळे डाग दिसत होते. गाडी तोवर ४१,००० किलोमीटर चालली होती, आणि नीट हाताळलेल्या प्लेटने याच्या दुप्पट साथ देणे काही विशेष मानले जात नाही. मेकॅनिकने फक्त एक प्रश्न विचारला, "गाडी कोण चालवतं?" प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि मजुरी मिळून ११,८०० रुपयांचे बिल झाले, त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही.

हे परीक्षण त्या गॅरेजचे नसून त्यानंतर मी घेतलेल्या पाच तासांच्या उजळणी वर्गाचे आहे. वर्तकनगर भागातील एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये परवानाधारकांसाठी, त्यांच्याच गाडीवर, हा वर्ग घेतला जातो. शुल्क २,५०० रुपये. शिकवणारे गृहस्थ एसटीत चालक म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि सगळे त्यांना काका म्हणतात. स्कूलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या नवशिक्यांच्या वर्गाविषयी मला काहीच ठाऊक नाही आणि एका चांगल्या शिक्षकावरून अख्ख्या संस्थेला शिफारसपत्र देणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या तासाला गाडी जागची फारशी हललीच नाही. काकांनी कागदाचा तुकडा चिकटपट्टीने, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या आरपीएमच्या काट्यावर लावला आणि म्हणाले, "आमच्या लाल डब्यात हे घड्याळ बघायला कुणाला फुरसत होती? कानानं ऐका." मग सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता केवळ क्लच सोडत गाडी हलते तो बिंदू पायाने ओळखणे, पुन्हा दाबणे, पुन्हा सोडणे, असे तासभर चालले. मला हा तास वाया गेल्यासारखा वाटला होता. तो तसा नव्हता हे दुसऱ्या दिवशी कळले.

पोखरण रोड नंबर दोनवर सकाळी साडेसहाला रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. वर्गाचा खरा गाभा तिथे उलगडला. आपल्यापैकी बहुतेक जण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतात, क्लच दाबतात, गिअर पाडतात आणि क्लच सोडतात. गाडीला गचका बसतो. तो बसू नये म्हणून मग आपण क्लच हळूहळू सोडू लागतो आणि हीच आपली नजाकत आहे अशी समजूत करून घेतो. मीही तेच करीत होते. गचका बसत नव्हता म्हणून मी स्वतःला चांगली चालक समजत होते, आणि ज्या घसरणीमुळे गचका बसत नव्हता तीच प्लेट खात होती.

कारण साधे आहे. माझ्या गाडीत तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर सुमारे १.२८ आणि दुसऱ्याचे सुमारे १.९० आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाला तिसऱ्यात इंजिन मिनिटाला साधारण २,००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला जवळजवळ ३,००० फेरे घ्यावे लागतात. पण क्लच दाबून अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन उलट खाली पडते, समजा १,२०० पर्यंत. आता क्लच सोडताना गिअरबॉक्सच्या बाजूची प्लेट ३,००० ने फिरते आहे आणि इंजिनाच्या बाजूचे फ्लायव्हील १,२०० ने. ही १,८०० फेऱ्यांची तफावत मिटेपर्यंत दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासत राहतात. काकांचा उपाय असा की क्लच दाबलेला असतानाच, गिअर पडतो त्या क्षणी, उजव्या पायाने अॅक्सिलरेटरला एक छोटी टिचकी द्यायची, इंजिन २,७०० च्या आसपास आणायचे आणि मग क्लच न रेंगाळता सोडायचा. तफावत ३०० वर येते, म्हणजे सहाव्या हिश्श्यावर. इंजिनाचा वेग जुळवून घेताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता या तफावतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ढोबळ हिशेबाने ती छत्तिसाव्या हिश्श्यावर येते. वर्ग आणि छत्तिसावा हिस्सा हे माझे घरी बसून केलेले गणित. काका एवढेच म्हणाले, "ताई, फिरत्या जात्यात दाणे टाकतो, हात नाही घालत."

टिचकी किती द्यायची हे सांगून कळत नाही. पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत मी एकदा कमी देत होते, तेव्हा गाडी नाक खाली घालून अडखळायची, आणि एकदा जास्त, तेव्हा ती पुढे उसळायची. नेमकी जमली की काहीच होत नाही. गिअर बदलला हे फक्त आवाजाच्या चढलेल्या पट्टीवरून कळते, शरीराला कळत नाही. काट्यावर कागद का लावला होता हे तेव्हा मला उमगले.

तिसरा तास येऊरच्या चढावर झाला. उपवनच्या बाजूने वर जाताना वळणाआधीच, गाडी धापा टाकायच्या आत, दुसरा गिअर पाडायचा यावर काकांचा कटाक्ष होता. इंजिन दमल्यावर गिअर पाडला तर वेग झपाट्याने पडतो, आपण घाबरून अर्ध्या क्लचवर रेस देतो आणि प्लेट पोळते. सकाळी फिरायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेमागे थांबावे लागले, तेव्हा मी सवयीने क्लच आणि अॅक्सिलरेटर यांच्या तोलावर गाडी चढावर धरून ठेवली. काकांनी न बोलता हँडब्रेक ओढला आणि माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवले. गायमुखला माझी प्लेट कशाने गेली ते त्या एका खुणेत आले होते. मी हे मुद्दाम नोंदवते, कारण या वर्गाची जाहिरात 'गिअर उतरवण्याची कला' अशी केली जाते आणि त्यामुळे गैरसमज होऊ शकतो. खालचा गिअर टाकताना क्लचला केवळ इंजिनाचा वेग बदलावा लागतो. चढावर गाडी सुरू करताना किंवा धरून ठेवताना त्याला सबंध गाडीचे ओझे सोसावे लागते. प्लेटचे खरे वैर या दुसऱ्या प्रकाराशी आहे.

उतरताना मात्र काकांचे सारे कसब दिसले. येऊरच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही पाय मोकळे ठेवून, गाडी इंजिनाच्या ओढीवर सावकाश खाली येत राहिली. न्यूट्रलमध्ये उतरल्याने पेट्रोल वाचते ही समजूत त्यांनी तिथेच मोडून काढली. इंधन संगणकाच्या हुकमाने सोडणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

चौथा तास घोडबंदर रोडवर ऐन गर्दीच्या वेळी, मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत, मेट्रोच्या खांबांच्या सोबतीने झाला. इथे गिअर उतरवण्यापेक्षा तो कधी उतरवू नये हे शिकायचे होते. लाल सिग्नल दिसला की चौथा, तिसरा, दुसरा, पहिला अशी उतरंड करीत थांबण्याची गरज नाही. आहे त्या गिअरमध्ये ब्रेक लावायचा, गाडी अगदी हळू होऊन इंजिन थरथरण्याच्या बेतात आले की क्लच दाबायचा, थांबल्यावर न्यूट्रल करून डावा पाय पेडलवरून पूर्णपणे काढायचा. "ब्रेक पॅड स्वस्त, क्लच महाग," हे काकांचे वाक्य मी दीड तासात नऊ वेळा ऐकले, पण ते खरे आहे. सिग्नलवर क्लच दाबून बसण्याने प्लेट झिजत नाही, मात्र रिलीज बेअरिंग तेवढा वेळ विनाकारण फिरत राहते, आणि ते बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे आलेच. गर्दीत पुढच्या गाडीमागे दोन-दोन फूट सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि मग पहिल्यात क्लच पूर्ण सोडून ते एकदम कापावे, हा त्यांचा सल्लाही मी मानते. त्या मोकळ्या जागेत रिक्षा घुसते, हा भाग त्यांनी हसण्यावारी नेला.

आता तक्रारी. काकांना दुहेरी क्लचचे वेड आहे. प्रत्येक वेळी क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर, असा सगळा सोपस्कार ते करायला लावतात. सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून आतले वेग जुळवणारी सोय) नसलेल्या जुन्या गिअरबॉक्सवर त्याखेरीज गिअर पडतच नसे, त्यामुळे त्यांची सवय मला समजते. पण १९२८ मध्ये कॅडिलॅकने मोटारीत प्रथम आणलेली ती सोय आजच्या साध्यातल्या साध्या गाडीत असते. सिंक्रोच्या पितळी कड्या गिअरबॉक्सच्या आतले वेग जुळवून देतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला वेग जुळवणे तेवढे क्लचकडे उरते. दुहेरी क्लचने वाचतात त्या सिंक्रोच्या कड्या, आणि डाव्या पायाला दुप्पट काम लागते. एकदा दाबून एक टिचकी, एवढे आपल्या गाडीला पुरते. दोन तास वाद घातल्यावर काकांनी "तुमची गाडी, तुमची मर्जी" असे म्हणून हा विषय सोडला.

गिअर गाळून खाली येण्यालाही त्यांचा विरोध आहे. वेग पुरेसा उतरलेला असेल तर चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर येण्यात काही वावगे नाही, असे माझे मत आहे. त्यांच्या विरोधामागचे भय मात्र योग्य आहे. ताशी ६० च्या वेगाला घाईत पहिला गिअर पडला, तर माझ्या गाडीच्या गुणोत्तराने प्लेट मिनिटाला ८,००० हून अधिक फेरे घेऊ लागेल, आणि क्लच पेडल दाबलेले असले तरी ती चाकांच्या बाजूने फिरतच असते. प्लेट फुटण्याचे ते एक कारण आहे. हे मात्र त्यांनी समजावून सांगायला हवे होते. "नाही म्हणजे नाही" हे काही उत्तर झाले नाही.

ब्रेकवर पायाचा चवडा ठेवून त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला टिचकी देण्याचा प्रकार ते शिकवत नाहीत, आणि शहरात तो लागतही नाही. याहून गंभीर त्रुटी अशी की आपल्या गाडीत शिक्षकाच्या बाजूला ब्रेक नसतो, त्यामुळे हात थरथरणाऱ्या चालकाने या वर्गाला जाऊ नये. लेखी टिपणे मिळत नाहीत, पावती मागावी लागते, आणि साडेसहाचा तास पावणेसातला सुरू होतो. पाचवा तास गायमुखला व्हायचा होता. तिथे कोंडी असल्यामुळे तो मुंब्रा बायपासला झाला. नवे असे त्यात काही नव्हते.

या गोष्टीला आठ महिने आणि ९,००० किलोमीटर झाले. पेडल केबलने जोडलेल्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसा पकडीचा बिंदू वर सरकतो. माझा अजून पहिल्या तासाला होता तिथेच आहे. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तरी जुन्या प्लेटच्या अखेरच्या दिवसांत मी एक परीक्षा शिकले होते, ती अधूनमधून करून पाहते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४५ च्या आसपास असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिनाचा आवाज आधी उसळला आणि वेग मागून आला, तर क्लच घसरतो आहे. सध्या दोन्ही बरोबरीने चढतात.

एक जागा मात्र या पाच तासांत आलीच नाही. आमच्या संकुलात, घोडबंदर रोडवरच्या बहुतेक संकुलांप्रमाणे, गाडी तिसऱ्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर, लावावी लागते आणि रॅम्पच्या अरुंद वळणावर समोरून कोणी चढत आले की उतरणाऱ्यालाच मागे जावे लागते. रिव्हर्समध्ये, चढावर, अर्ध्या क्लचवर. आजही वास आला तर तिथेच येतो. मी काकांना फोन करून सहावा तास मागितला. पाचशे रुपये सांगितले आणि म्हणाले, "रविवारी येतो, फक्त गेटवर माझं नाव सांगून ठेवा, मागच्या वेळी एका सोसायटीत वॉचमननं अर्धा तास बसवून ठेवलं होतं."